मोहल्ल्याला मोजणारा माणूस हवा

अँटॉप हिलमध्ये राहणाऱ्या, बीएस्सीला फिजिक्स घेतलेल्या एका मुलीने मला विचारले, "घरात रोज एकच प्रश्न असतो, फिजिक्स घेऊन करणार काय? नोकरीचे माझे मी बघेन. पण आपल्या लोकांना, आपल्या मोहल्ल्याला याचा काही उपयोग आहे का?"

या प्रश्नाला आपल्याकडे दोन उत्तरे तयार असतात. गरीब मुलांना फुकट शिकवणी दे, हे पहिले. कलामसाहेबांसारखी हो, हे दुसरे. शिकवणीला माझी ना नाही. कलामसाहेबांची तसबीर तर आपल्या निम्म्या शाळांच्या कार्यालयांत आहे, आणि तिच्याखाली बहुधा क्षेपणास्त्राचे चित्र असते. तिरुचिरापल्लीच्या सेंट जोसेफ कॉलेजात फिजिक्स शिकलेल्या या माणसाने केलेले एक काम मात्र त्या तसबिरीखाली कधी दिसत नाही. हैदराबादच्या निम्स रुग्णालयात पोलिओ झालेली मुले तीन किलोंहून जड लोखंडी कॅलिपर पायाला बांधून फरफटत चालत होती. क्षेपणास्त्रासाठी तयार केलेला हलका, मजबूत पदार्थ वापरून कलाम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेच कॅलिपर सुमारे तीनशे ग्रॅमचे करून दिले. अग्नीपेक्षा मला हे काम मोठे वाटते. ते सुरू झाले ते एका साध्या प्रश्नापासून: याचे वजन किती आहे आणि ते किती असायला हवे?

हा 'किती' विचारण्याची सवय म्हणजेच फिजिक्सचे शिक्षण, असे माझे मत आहे. सूत्रे परीक्षेनंतर विसरली जातात. मागे उरते ते एवढेच: आधी अंदाज बांधायचा, मग मोजायचे, मोजताना चूक किती झाली असेल तेही लिहायचे, आणि दुसऱ्याने मोजून तेच येते का ते पाहायचे. आपल्या मोहल्ल्यांत नेमकी याचीच वानवा आहे. आपल्या तक्रारी विशेषणांत असतात. घर खूप तापते, आवाज फार होतो, हवा कोंदट आहे, भिंत धोक्याची आहे. महापालिकेच्या एफ उत्तर विभागाच्या कार्यालयात असा अर्ज गेला की उत्तरही विशेषणातच येते, 'योग्य ती कार्यवाही'. खूप म्हणजे किती, हे त्या अर्जात लिहू शकणारा माणूस आपल्या गल्लीत हवा.

सुरुवात सगळ्यात अडचणीच्या विषयापासून करतो. भोंगा. २०२२ साली महाराष्ट्रात या विषयावर जे वातावरण तापले ते आपण सगळ्यांनी पाहिले. एका बाजूने धमक्या, दुसऱ्या बाजूने मजहबवर हल्ला झाल्याची भावना, मधे पोलीस. त्या सगळ्या महिन्यांत डेसिबल हा शब्द हजार वेळा उच्चारला गेला, पण डेसिबल म्हणजे काय हे मशिदीच्या विश्वस्तांना समजावून सांगायला आपले फिजिक्सचे पदवीधर फारसे पुढे आल्याचे मला दिसले नाही. अकरावीपासून आपण तो शिकतो!

ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे आहेत. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा. रात्री १० ते सकाळी ६ बंदिस्त जागा वगळता लाऊडस्पीकरला मनाईच, आणि फज्रची अजान बहुतेक दिवस सहाच्या आतच येते. आता डेसिबलची गंमत अशी की तो साधा फूटपट्टीसारखा चालत नाही. दहा डेसिबल वाढले की ध्वनीची ऊर्जा दहापट होते, वीस वाढले की शंभरपट. ५५ आणि ८५ मधला फरक तीसचा दिसतो, प्रत्यक्षात तो हजारपट असतो. उलट बाजूनेही तेच. "बटण थोडे कमी केले" असे म्हणून अॅम्प्लिफायरची ताकद निम्मी केली, तरी फक्त तीन डेसिबल कमी होतात आणि कानाला तो फरक जेमतेम कळतो. समजा एका कर्ण्याचा आवाज एक मीटरवर ११० डेसिबल आहे. मोकळ्या मैदानात तो दहा मीटरवर ९० आणि शंभर मीटरवर ७० राहतो. संगमनगर किंवा बंगालीपुऱ्याच्या बोळात तर तो दोन्ही भिंतींवर आपटत जातो, म्हणून इतकाही उतरत नाही. याचा अर्थ बटणाने हा प्रश्न सुटणारा नाही. मिनारावरचा एक मोठा कर्णा उतरवून आत, नमाजींच्या डोक्यावर खाली तोंड केलेले चार-सहा छोटे स्पीकर लावले, तर आतल्या माणसाला अजान आणि खुतबा आजच्यापेक्षा स्पष्ट ऐकू येतो आणि समोरच्या इमारतीतल्या आजारी माणसाला त्रास होत नाही. हा तोडगा राजकारणाने सांगितला तर अपमान वाटतो. आपलीच मुलगी मीटर घेऊन आली आणि आत किती, गेटवर किती, समोरच्या खिडकीत किती हे आकडे तिने विश्वस्तांसमोर ठेवले, तर बोलणे वेगळे होते.

आणि तोच मीटर मिरवणुकीतल्या डीजेसमोरही धरायचा. ईद-ए-मिलादच्या जुलूसमध्ये वाजणाऱ्या डीजेसमोर आधी, मग इतरांच्या. सुमैरा अब्दुलाली यांचे उदाहरण मुंबईतच आहे. २००३ मध्ये त्यांनी आवाजाच्या प्रश्नावर उच्च न्यायालयात धाव घेतली, २००६ मध्ये आवाज फाउंडेशन सुरू केले, आणि त्या वर्षानुवर्षे सणासुदीच्या रात्री मीटर घेऊन रस्त्यावर उभ्या राहिल्या. सण कोणाचा हे त्यांनी पाहिले नाही. त्यांच्यावर टीका पुष्कळ झाली, पण त्यांचा आकडा खोडून काढायचा तर समोरच्यालाही मोजावेच लागते. (मोबाइलवरचे आवाज मोजणारे अॅप अंदाजाला ठीक आहे. पण एकदा ते प्रमाणित मीटरशेजारी ठेवून दोन्हींत किती फरक येतो ते लिहून ठेवल्याशिवाय त्याचा आकडा कुठल्याही अर्जात घालू नका.)

दुसरी गोष्ट श्वासाची. अँटॉप हिलच्या जवळच शिवडीचे क्षयरोग रुग्णालय आहे. आपल्या भागातल्या कितीतरी घरांना तिथला रस्ता पाठ आहे. टीबीचे औषध डॉक्टर देतील. पण टीबी हवेतून पसरतो, आणि खोलीतली हवा किती वेळात बदलते हा सरळसरळ फिजिक्सचा प्रश्न आहे.

दहा बाय बाराची, नऊ फूट उंचीची खोली घ्या. आत साधारण तीस घनमीटर हवा मावते. सहा माणसे झोपली आहेत. झोपलेला माणूस तासाला बारा-तेरा लिटर कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतो, म्हणजे सहा जण मिळून पाऊणशे लिटरच्या वर. खोली अगदी बंद असेल तर तासाभरात हवेतले त्याचे प्रमाण दहा लाखात अडीच हजारांनी वाढते. बाहेरच्या हवेत ते सव्वाचारशेच्या आसपास असते. आपल्या उच्छ्वासात ते बाहेरच्यापेक्षा सुमारे अडतीस हजारांनी जास्त असते. आता साधा भागाकार करा. मीटर १५०० दाखवत असेल, तर खोलीतली जवळपास तीन टक्के हवा आधीच कोणाच्या तरी फुप्फुसातून आलेली आहे. दर पस्तीस श्वासांतला एक श्वास उसना. २००० दाखवत असेल तर चोविसातला एक. तो उसना श्वास ज्याच्याकडून आला त्याला टीबी असेल आणि अजून कळलेले नसेल, तर काय होते हे वेगळे सांगायला नको. कार्बन डायऑक्साइड स्वतः टीबी देत नाही, हवा किती शिळी झाली त्याची ती खूण आहे. पण ही खूण काही हजार रुपयांच्या, हातात मावणाऱ्या यंत्रावर दिसते. यंत्र घेताना ते एनडीआयआर पद्धतीचे आहे ना, एवढे पाहायचे. स्वस्तातली काही यंत्रे हा वायू मोजतच नाहीत, दुसऱ्याच वायूंवरून अंदाज छापतात.

हे पुस्तकी नाही. गोवंडी-मानखुर्दच्या पुनर्वसन वसाहतींत डॉक्टर्स फॉर यू या संस्थेने आयआयटी मुंबईच्या मदतीने पाहणी केली होती, तिचा अहवाल २०१८ मध्ये चर्चेत आला. लल्लूभाई कंपाउंड आणि नटवर पारेख कंपाउंड इथे इमारती एकमेकींना खेटून उभ्या, खालच्या मजल्यांना ऊन नाही, वारा नाही. पीएमजी कॉलनी त्या मानाने मोकळी. टीबीचे प्रमाण पहिल्या दोन ठिकाणी कितीतरी जास्त निघाले. झोपडी पाडून इमारत मिळाली म्हणजे प्रश्न सुटला असे मानणाऱ्या आपल्या पुढाऱ्यांनी हा अहवाल वाचावा. अँटॉप हिल, वडाळ्यातही अशा इमारती उभ्या राहिल्या आहेत, आणखी राहतील. नकाशा मंजूर होण्याआधी दोन इमारतींमध्ये अंतर किती, पहिल्या मजल्यावर डिसेंबरात ऊन किती तास येणार, हे सोसायटीच्या सभेत विचारणारे कोणी तरी हवे. ऊन किती वाजता कुठे पडेल हे गणित बारावीच्या भूमितीपलीकडचे नाही.

इमारत बदलता येत नसेल तिथेही काही करता येते. छताचा पंखा हवा ढवळतो, बदलत नाही. तोच टेबलफॅन खिडकीत तोंड बाहेर करून ठेवला आणि समोरचे दार फटभर उघडे ठेवले, तर आकडा बघता बघता खाली येतो. आधीचा आकडा आणि नंतरचा आकडा घरातल्या अम्मीला दाखवा. भाषणाने जे होत नाही ते त्या दोन आकड्यांनी होते.

पत्र्याच्या छताबद्दल थोडक्यात. एप्रिल-मेच्या दुपारी पत्रा साठ अंशांपर्यंत सहज जातो. स्टीफनचा नियम लावून पाहा: साठ अंशांचा गंजलेला पत्रा आणि चौतीस अंशांची आपली त्वचा यांच्यात दर चौरस मीटरला पावणेदोनशे-दोनशे वॅटचा फरक पडतो, तोही पंखा चालू असताना, कारण किरणांना पंखा अडवत नाही. वरून पांढरा चुना किंवा परावर्तक रंग मारला की पत्रा तापतोच कमी. चुना पावसात धुऊन जातो, म्हणून दर फेब्रुवारीत पुन्हा. दोन शेजारच्या घरांपैकी एकावर रंग मारून आठवडाभर दोन्ही खोल्यांचे तापमान लिहा. पावसाळ्यात मात्र चुन्यावर शेवाळ धरते, तेव्हा छतावर चढताना जपून.

आता पावसाळ्याचा विषय निघालाच आहे, तर भिंतींचे सांगायला हवे. हा भाग टेकडीचा आहे, आणि पूर्वेला मिठागरांच्या सखल जमिनीचा. २५ जून २०१८ च्या पावसात अँटॉप हिलच्या लॉइड्स इस्टेटजवळ जमीन खचून कितीतरी गाड्या खड्ड्यात गेल्या. जीव वाचले हे नशीब. २ जुलै २०१९ ला मालाडच्या पिंपरीपाड्यात भिंत कोसळून तीसहून अधिक माणसे गेली. १८ जुलै २०२१ ला चेंबूरच्या भारतनगरमध्ये पुन्हा तेच, रात्रीच्या झोपेत. मातीला धरून ठेवणाऱ्या भिंतीमागे पाणी साठले की काय होते, हे आपण आठवीत शिकलेल्या दाबाच्या धड्यात आहे. चार मीटर उंच भिंतीमागे पाणी काठोकाठ साठले तर भिंतीच्या दर एक मीटर लांबीवर सुमारे आठ टनांचा जोर नुसत्या पाण्याचा येतो, मातीचा वेगळा. म्हणून अशा भिंतींना खाली भोके ठेवलेली असतात, पाणी निचरून जाण्यासाठी. त्यांतून घाण पाणी दारात येते म्हणून आपलेच लोक ती चिंधी किंवा सिमेंट कोंबून बुजवतात. मे महिन्यात गल्लीतल्या मुलांना घेऊन एक फेरी मारा: भोके किती, त्यांतली उघडी किती, भिंतीला पोट आले आहे का, तड गेली असेल तर तिच्यावर पेन्सिलीने खूण आणि तारीख. महिन्याने पुन्हा पाहा. भिंत टिकेल की नाही हा निकाल मात्र फिजिक्सच्या पदवीधराने देऊ नये. ते काम स्ट्रक्चरल इंजिनिअरचे आहे. आपण त्याला आणि महापालिकेला तारखांसह कागद द्यायचा.

हे सगळे वाचून तुम्ही म्हणाल, यासाठी पदवी कशाला? तेच तर. यातले गणित शाळेचेच आहे. पण शाळेचे गणित आपल्या मुलांपर्यंत पोहोचते का, हा खरा प्रश्न आहे, आणि इथे एका माणसाची आठवण करून द्यायला हवी. व्ही. जी. कुलकर्णी हे टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले भौतिकशास्त्रज्ञ. १९७४ साली होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र सुरू झाले, ते आज मानखुर्दला आहे. त्याचा आरंभ मात्र नाना चौकातल्या महापालिकेच्या शाळेत झाला. कुलकर्णी त्याचे पहिले संचालक. त्यांनी आणि सुधाकर आगरकर यांनी महापालिकेच्या शाळांतून अनुसूचित जातींची मुले निवडली, शाळा सांभाळून काही वर्षे त्यांना मार्गदर्शन केले, आणि शालान्त परीक्षेत ही मुले कुठल्या कुठे गेली. बुद्धी कमी आहे असे ज्यांच्याबद्दल बिनदिक्कत बोलले जात होते, तीच ही मुले. याहून मला महत्त्वाचे वाटते ते त्यांचे भाषेवरचे काम. विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकातले धडे त्यांनी सोप्या भाषेत पुन्हा लिहिले आणि ते मुलांवर तपासून पाहिले. विषय तोच, फक्त भाषा सोपी. समज वाढली, आणि वर्गात गप्प बसणारी मुले बोलू लागली.

आपल्या मुलांची स्थिती याहून अवघड आहे. घरात दखनी, कोकणी किंवा भोजपुरी. उर्दू शाळेत 'कुव्वत' आणि 'इसरा'. मराठी शाळेत त्याच गोष्टी 'बल' आणि 'त्वरण'. अकरावीला मॅटुंग्याच्या किंवा सायनच्या कॉलेजात गेले की 'फोर्स' आणि 'अॅक्सिलरेशन'. एकाच वस्तूची तीन नावे शिकताना मूल वस्तूच विसरते, आणि आपण म्हणतो याचे सायन्समध्ये डोके चालत नाही. तिन्ही नावे ज्याला येतात असा माणूस आज आपल्या वस्तीतच तयार होतो आहे, बाहेर कुठे नाही. ती मराठी-उर्दू दोन्हींत वाढलेली, फिजिक्स घेतलेली मुलगी आहे. नववीच्या एका धड्यातले सगळे शब्द तिन्ही भाषांत, शेजारी घरातले उदाहरण, असा एक कागद तिने केला तर तो वर्षानुवर्षे पुरेल. दाब समजावताना प्रेशर कुकर, पाण्याची टाकी आणि ती भिंत. उर्दूत तो 'दबाव' आहे. इतके जवळचे शब्द असून आपण त्यांचा पूल कधी बांधला नाही.

अभिमानाच्या पोस्ट मात्र आपण भरपूर फिरवतो. इब्न अल-हैसमने हजार वर्षांपूर्वी प्रकाशाचा अभ्यास केला, हे आपल्या प्रत्येक गटात वर्षातून दोनदा येते. २०१५ च्या प्रकाशवर्षात युनेस्कोनेही त्याचे नाव गौरवाने घेतले, ते योग्यच होते. पण त्याने केले काय? अंधाऱ्या खोलीच्या भोकासमोर अनेक दिवे लावले, एकेक दिवा झाकून आतला कुठला ठिपका जातो ते पाहिले, आणि मगच लिहिले की प्रकाश एकमेकांत मिसळत नाही. पोस्ट पुढे पाठवणाऱ्यांपैकी कितीजणांनी हा प्रयोग घरात करून पाहिला? दोन मेणबत्त्या आणि एक भोक पाडलेला पुठ्ठा एवढेच लागते.

पोटापाण्याचे मी टाळलेले नाही. घरचे लोक विचारतात ते चुकीचे नाही, आणि समाजसेवेने भाडे भरत नाही. मोजण्याच्या याच सवयीवर उभी असलेली, समाजाच्या थेट कामाची एक नोकरी आपल्याकडे फार कमी मुलांना माहीत आहे. कॅन्सरच्या रुग्णाला किरणोपचार देताना किती मात्रा, कुठून, किती वेळ, हे मोजून ठरवण्याचे काम मेडिकल फिजिसिस्टचे असते. परळचे टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ मध्ये सुरू झाले तेव्हापासून भौतिकशास्त्र तिथल्या उपचाराचा भाग आहे. एमएस्सीनंतर रेडिओलॉजिकल फिजिक्सचा पदविका अभ्यासक्रम भाभा अणुसंशोधन केंद्र चालवते, अणुशक्तीनगरला, अँटॉप हिलहून फार लांब नाही. जागा थोड्या, स्पर्धा कडक. पण असा माणूस असल्याशिवाय किरणोपचार केंद्र चालवायला परवानगी मिळत नाही.

याच शिक्षणातली एक छोटी गोष्ट आजच करता येते. २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरीत भंगारात आलेले एक जुने यंत्र कामगारांनी तोडले. विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतून लिलावात गेलेल्या त्या यंत्रात कोबाल्ट-६० होते. एक जण मेला, अनेकांना किरणांची इजा झाली. कुर्ला, धारावी, गोवंडीत भंगारावर जगणारी आपली शेकडो घरे आहेत. पिवळ्यावर तीन पाकळ्यांची ती खूण दिसली की हात लावायचा नाही, लांब व्हायचे, पोलिसांना कळवायचे. या खुणेचे चित्र मोठे छापून, खाली मराठी आणि उर्दूत दोन ओळी लिहून भंगाराच्या दुकानांत चिकटवायला एक रविवार पुरतो.

त्या मुलीला मी एक वही करायला सांगितले आहे. प्रत्येक नोंदीत तारीख, वेळ, जागा, कुठले यंत्र, कोणी मोजले. खोलीची हवा आणि पत्र्याचे तापमान यांपासून सुरुवात. घरमालकाचे नाव कुठेही नाही, कारण टीबीचा संशय असलेल्या घराचे नाव बाहेर गेले की त्या घरातल्या मुलींचे लग्न अडते. गैरसोयीचा आकडा आला तरी खोडायचा नाही, मशिदीचा असला तरी. तीस घरे झाली की वहीच्या दोन प्रती करायच्या. एक मराठीत, विभाग कार्यालयासाठी, पोच घेऊन. दुसरी उर्दूत, जुम्याला मशिदीच्या फलकावर.